सकाळचा आकडा

वाघजाईवाडी, ता. पाटण
४ ऑगस्ट २०२५

बबनकाका, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, नाना बरे आहेत. बरे म्हणजे तुमच्या दोस्ताला कराडच्या दवाखान्यातून घरी आणलंय. उजवी बाजू अजून उठत नाही आणि वाचा गेली ती गेलेलीच आहे. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल तेच खरं. ओळखीच्या घरात ठेवा आणि सारखं बोलत राहा." मागे पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये नाना आठवडाभरात कसे कोमेजले होते ते तुम्ही पाहिलंय. म्हणून मी इथे माहेरीच राहायचं ठरवलं. तिकडे निरंजन दिव्याची बारावी आणि स्वयंपाकघर दोन्ही सांभाळतोय. निदान तसं फोनवर सांगतोय.

तुमचे कान जुन्या कंपनीच्या प्रेस शॉपमधल्या दणदणाटाने कधीच जमा करून घेतले, त्यामुळे तुम्हाला फोन करून उपयोग नाही. मेसेज करावा तर तुमच्या बटनांच्या फोनवर मराठीचे चौकोन दिसतात. म्हणून हे पत्र, आणि एक काम.

प्राजक्ता मॅडमनी दिवाळीपर्यंत घरून काम करायला परवानगी दिली आहे. नीट चाललं तर पुढे बघू, नाही तर चाकणला हजर व्हायचं. आयटीच्या गणराजने माझ्या लॅपटॉपवर सोय करून दिलीय. माझा कॉम्प्युटर तिकडे माझ्या टेबलावरच चालू राहील आणि मी इथून त्याच्या आत शिरून रोजचं प्लॅनिंग करीन. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग कंपनीबाहेर काढायची नाहीत, म्हणून हा खटाटोप. आत शिरायला दोन कुलपं आहेत. एक माझा पासवर्ड. दुसरा, दर वेळी माझ्या मोबाईलवर येणारा सहा आकडी कोड.

घोडं पेंड खातंय ते इथेच. गावात वायरीचं इंटरनेट आलंय, त्याच्या डब्याला साधा फोनही जोडलाय, पण मोबाईलची रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. गणराजने विचारलं, "मॅडम, रेंज आहे ना?" मी म्हटलं, "आहे." नाही म्हटलं असतं तर परवानगीच मिळाली नसती.

तर सोबत माझं कंपनीचं सिमकार्ड पाठवते आहे. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा रिकामी आहे. सकाळी नऊला मी आत शिरायला लागले की कोड तुमच्याकडे येईल. तो तुम्ही आपल्या कंपनीतल्या तुमच्या स्टोअरच्या फोनवरून मला वाचून दाखवायचा. तुम्हाला माझं ऐकू आलं नाही तरी मला तुमचं येईल, तेवढं पुरे. गणराजला मात्र कळू देऊ नका. आणि टेबलं पुसणाऱ्या शालनबाईंना सांगा, माझ्या टेबलाचं बटन बंद करायचं नाही.

तुमची,
विजू

---

संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ ऑगस्ट

विजू,

तुला आशीर्वाद. नाना माझ्यापेक्षा मोठा, त्याला माझा आशीर्वाद चालत नाही, तेव्हा त्याला एक शिवी सांग. कुठली ते त्याला ठाऊक आहे.

तुझा निरोप शालनबाईंना सांगितला. त्यांनी एका पोराकडून लिहवून विचारलं, "अवो, बाई न्हाईत आन् मशीन कशापायी जळतंय?" त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. शेवटी म्हटलं, बाई गावाहून त्याच्यात येऊन बसतात. तेव्हापासून त्या तुझं टेबल जरा लांबूनच पुसतात.

आकड्याचं काम चोख चाललंय असं समजतो. फोनच्या खिडकीत सेकंद धावायला लागले की तू उचललास. मग दोनदा आकडा सांगतो, थोडा थांबतो, पुन्हा एकदा सांगतो. नंतर तुझ्या टेबलाजवळून चक्कर मारतो. पडदा काळा असतो, पण डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. तेवढ्यावर समाधान मानतो की पोरगी कामाला लागली.

खरं सांगायचं तर मला हे काम आवडलंय. तुझी काकू यशोदा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि कंपनीत लोक माझ्याशी कागदावर लिहून बोलतात, तेही कंजुषी करून. तू मला या नोकरीत चिकटवलंस, आता तुझ्यामुळे सकाळी मोठ्याने बोलायलाही मिळतंय.

नानाला भेटायला यायचं मनात आहे. पण पावसापाण्याचे दिवस, गुडघाही कुरकुरतोय. बघू.

बबनकाका

---

वाघजाईवाडी
२१ ऑगस्ट

बबनकाका,

तुम्ही कोड सांगता की ललकारी देता? पहिल्या दिवशी रिसीव्हर कानाला लावला तो अजून कान दुखतोय. आता फोन सरळ स्पीकरवर टाकून नानांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवते. कोड झाल्यावर तुम्ही दोन गोष्टी बोलता ना, काल बसमध्ये कोण पेंगत होतं, कँटीनच्या भाजीत काय सापडलं, त्या बंद करू नका. मला करमतं.

एक सांगायचं राहिलं होतं. रविवारीही थोडं काम असतं, तेव्हा रविवारचाही फोन करत जा. घरी एकच फोन असतो हे माहीत आहे, आधी कोड तळहातावर लिहून घ्या आणि मग लावा.

नाना तसेच आहेत. तुमची शिवी पोचवली, पण माझ्या तोंडून ती त्यांना कळली की नाही, देव जाणे. माझं बोलणं त्यांना कुजबुजीसारखं वाटत असावं. त्यांचेही कान त्याच प्रेस शॉपचे. कानातलं यंत्र लावलं की डाव्या हाताने उपटून फेकतात. डॉक्टर म्हणतात मोठ्याने बोला. बापावर ओरडायची मला सवय नाही काका, ओरडले की त्यांना रागावल्यासारखं वाटतं आणि मलाच रडू येतं.

तुम्ही दोघं ज्या मोठ्या प्रेसवर होता तिच्याबद्दल लिहा ना. नाना बोलत होते तेव्हा मी कधी विचारलं नाही. लहानपणी एवढंच कळायचं की नाना घरी आले की अंगाला तेलाचा वास येतो आणि रेडिओ फार मोठा लावतात.

विजू

---

संत तुकाराम नगर
५ सप्टेंबर

विजू,

प्रेसबद्दल विचारलंस, आता भोग आपल्या कर्माची फळं. पत्र लांबणार.

ती प्रेस दुमजली घराएवढी होती. मी एका बाजूला, नाना समोर, मध्ये डाय, म्हणजे लोखंडी साचा. नाना पत्रा आत सरकवायचा, मी तयार भाग ओढून घ्यायचो. प्रत्येकापुढे दोन बटनं, हाताच्या पंज्याएवढी. चारही बटनं चार पंज्यांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. एकाचा जरी हात आत असला तरी प्रेस जागची हलायची नाही. बटनं दाबून झाली म्हणजे चारही हात बाहेर आहेत, हा हिशेब. तुझ्या दोन कुलपांचं वाचलं तेव्हा मला पटकन समजलं ते यामुळेच.

आवाज एवढा की शेजारी बाँब फुटला तरी चहाची वेळ झाली असं वाटलं असतं. त्यामुळे आम्ही तोंडाने बोलायचोच नाही. भुवया, हनुवटी, बोटं. नानाने डावी भुवई उडवली की समजायचं साहेब येतोय. हनुवटी पुढे केली की डबा आज माझ्या घरचा खायचा. तू जन्मलीस ते मला त्याने प्रेसच्या पलीकडून दोन्ही हातांत पाळणा हलवून सांगितलं. मी विचारलं, मुलगा? त्याने कपाळावर टिकली लावल्याची खूण केली आणि असा हसला की मी बटन दाबायला विसरलो. मागे लाइन अडली, सुपरवायझरने दोघांना झापलं.

शिफ्ट सुटली की सायकली घेऊन बाहेर. बाहेर आल्यावर बोलायचं म्हटलं तरी अर्धा रस्ता आम्ही खुणाच करत असायचो. आता ती कंपनी नाही. त्या जागेवर उंच इमारती झाल्या, खाली आइस्क्रीमचं दुकान आहे. परवा तिथून गेलो तर पाय उगाच गेट शोधत होते.

गणपती चालू आहेत, कॉलनीत आरतीला मला झांज देतात, ऐकू येत नसल्याने मी थकत नाही. यंदा सुट्टी शिल्लक नाही, म्हणून येणं लांबतंय. नाना माझा आवाज ओळखतो का, ते कळव.

बबनकाका

---

वाघजाईवाडी
१४ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र नानांच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. पाळण्याची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा स्वतःसाठी.

आवाज ओळखतात बहुतेक. फोन वाजला की मान वळवतात. बाकी विशेष नाही.

सुट्टीचं म्हणाल तर स्टोअरची सुट्टी कोण मंजूर करतं ते मला माहीत आहे, आणि तो तुम्हाला कधीच नाही म्हणत नाही. तुम्हाला यायचंच नसेल तर तसं लिहा. मी समजून घेईन.

विजू

---

संत तुकाराम नगर
२८ सप्टेंबर

विजू,

मॅडमचा फोन तुला येऊन गेला असेल. माझ्या बाजूने काय घडलं ते लिहितो.

गणराज स्टोअरमध्ये स्टिकर छापायचं मशीन बघायला आला होता. मी त्याच्याकडे पाठ करून तुला आकडा सांगत होतो. वळलो तर पोरगा पांढराफटक. त्याने लिहून दिलं, "काका, हा कोणाचा कोड?" खोटं बोलायला मला जमत नाही. मग कळलं की मी गेले दीड महिना तो गुप्त आकडा साऱ्या स्टोअरला ऐकवतोय. माल उतरवणाऱ्या पोरांना रोजचा आकडा पाठ व्हायचा. गेटवरच्या वॉचमनला वाटत होतं मी मटका खेळतो, त्याने तर परवा माझ्या आकड्यावर पैसेही लावले. हसू नकोस. मलाही तेव्हा हसू आलं नाही.

लगेच तुझी वाट बंद केली आणि मॅडमनी तुला सोमवारी हजर व्हायला सांगितलं, हे संध्याकाळी समजलं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, तिचा बाप माझ्या समोरच्या बटनांवर वीस वर्षं होता, त्याला त्याच्या घरातून उचलू नका. काय शिक्षा करायची ती मला करा. त्या काही बोलल्या असतील, मला दिसलं एवढंच की त्यांनी चष्मा काढला आणि गणराजला बोलावलं.

पोरगा गुणी आहे. त्याने मला खुर्ची दिली आणि पानभर लिहून समजावलं. मला वाटलं होतं ही आपली मोठी प्रेस आहे, दोन बटनं तुझी, दोन माझी. गणराजने लिहिलं, "काका, ही एका माणसाची प्रेस आहे. दोन्ही हात त्याच माणसाचे हवेत, नाही तर कोण आत शिरलं ते कळणार कसं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे काही जण उत्पादन वाढवायला एका बटनात लाकडाची पाचर मारून ठेवायचे. एकाची दोन बोटं गेली. मी पाचर दिसली की उपटून फेकणारा माणूस, आणि तुझ्या कुलपात मीच पाचर होऊन बसलो होतो.

रेंज नाही हे तू आधीच सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी सोय झाली असती, असंही त्याने लिहिलं. तुझ्याच मोबाईलमध्ये असं काही बसवता येतं, जे रेंजशिवाय दर वेळी नवा आकडा दाखवतं. ते तो तुला लॅपटॉपवरून बसवून देईल. मॅडम हो म्हणाल्या. तेव्हा नाना घरीच राहील, तू पण.

सिम गणराजकडे दिलं. आता तुझे दोन्ही हात तुझे, माझ्या फोनचं काम संपलं. पुन्हा काही घोटाळा नको, म्हणून मी फोन करणार नाही.

बबनकाका

---

वाघजाईवाडी
२४ ऑक्टोबर

बबनकाका,

दिवाळी झाली. तुमच्या पत्राला एवढ्या उशिरा उत्तर देते आहे, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आधी कामाचं. गणराजची सोय उत्तम चालली आहे, मॅडमनी मार्चपर्यंत मुदत वाढवली आहे. केबिनमध्ये तुम्ही जे बोललात ते मॅडमनी मला सांगितलं. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, पण शब्द तुमचेच होते.

आता जे लपवलं ते लिहिते. रविवारी मला काही काम नसायचं. कोड मागायचा म्हणून आत शिरायची आणि लगेच बाहेर यायची. कारण तुम्ही फोनवर आकडे ओरडायला लागलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात नाना तुमच्या मागून "नऊ" म्हणाले. अस्पष्ट, पण नऊच. मी चहा गाळत होते, तो ओट्यावर सांडला. मग "सात". मग "शून्य", ते म्हणताना ओठांची फार धडपड व्हायची. तुम्ही दोनदा सांगून थांबायचात, आणि तेवढ्या जागेत नाना म्हणायचे. शेवटी शेवटी सहापैकी चार आकडे म्हणत होते. माझी कुजबुज जिथे पोचत नव्हती तिथे तुमचं ओरडणं पोचत होतं. ज्या आवाजाने कंपनीचं गुपित फोडलं, त्याच आवाजाने इथे काम केलं होतं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला ते ऐकू येणार नव्हतं. तुमचा मित्र रोज तुम्हाला उत्तर देतोय आणि ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे सांगणं मला क्रूर वाटलं. माझं चुकलं. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही फोन थांबवला नसता.

नाना आता काही म्हणत नाहीत. मी आकडे म्हणून पाहिले, ओरडूनही पाहिलं. ते माझ्याकडे बघतात आणि मग स्टुलावरच्या फोनकडे. आलेले आकडेही जातात की काय, याची मला भीती वाटते.

आणि काका, एक विचारते. तुम्हा दोघांना बोलायला कान कधी लागलेच नाहीत, तुमच्याच पत्रात आहे. समोर बसलात तर तुम्हाला त्यांचं सगळं कळेल. मग तुम्ही का येत नाही?

विजू

---

संत तुकाराम नगर
२ नोव्हेंबर

विजू,

पत्र वाचलं. शेजारच्या पोरीने दिवाळीचा उरलेला चिवडा आणून दिला, तो हातातच राहिला. नाना माझ्या मागून आकडे म्हणत होता, आणि मी इकडे घड्याळ बघून फोन ठेवत होतो.

गुडघा ठीक आहे. सुट्टीही आहे. मी येत नाही कारण मला धीर होत नाही. त्याचा अर्धा चेहरा हलत नाही असं तू जुलैत निरंजनकडून कळवलं होतंस. विजू, माझ्यासाठी नानाचा आवाज म्हणजे त्याचा चेहरा होता. तो डावी-उजवी भुवई, हनुवटी, सगळ्याने बोलायचा. तो चेहरा मुका झालेला मला बघवणार नाही असं वाटतं. आणि दुसरं म्हणजे तो मानी माणूस. ताप असला तरी घरी कुणी यायचं नाही असा त्याचा हुकूम. खाटेवर पडलेला असताना मी त्याला पाहावं, हे त्याला चालेल का? हे तू सांगू नकोस. तू मुलगी आहेस, तू हो म्हणणारच. हे त्यालाच विचारायला हवं.

उद्यापासून रोज नऊला फोन करतो. घरून, माझ्या फोनवरून, स्टोअरला उशिरा जाईन. आता त्यात कंपनीचं काही नाही, त्यामुळे गणराजही काही म्हणणार नाही. त्याला विचारून घेतलं. त्याने लिहून दिलं, "काका, खुशाल ओरडा." आकडेच म्हणत जाईन, नानाला सवय आहे. जुन्या बसचे नंबर, कॉलनीतले बिल्डिंगचे नंबर, सुचतील ते. मध्ये थांबत जाईन. माझे कान पुरते गेले ते नाना गावी गेल्यावर, हे त्याला माहीत नाही. त्याला सांगू नकोस. मी ऐकतोय असं त्याला वाटू दे.

थोडे दिवस झाले की येण्याचं विचारीन. जे असेल ते खरं कळव. नाही म्हणाला तरी.

बबनकाका

---

वाघजाईवाडी
१२ नोव्हेंबर

बबनकाका,

पहिले चार दिवस नानांनी नुसतं ऐकलं. पाचव्या दिवशी तुम्ही निगडीच्या बसचे नंबर म्हणत होता, तेव्हा "तीन" आला. मग मागचे सगळे आले, आणि "पाच" नव्याने आला.

आज सकाळी तुम्ही आकडे लवकर संपवलेत. आवाज थोडा खाली आला होता, पण तुमच्या मानाने खाली. म्हणालात, "नाना, मी तिकडं येऊ का रे?" आणि थांबलात. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलात.

नानांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. भुवई वर गेली, डावी, ती हलते. मी त्यांच्याऐवजी बोलणार होते, पण तुम्ही बजावलं होतं म्हणून तोंडावर हात धरला. तुम्ही तिकडून म्हणालात, "बरं बरं, घाई न्हाई, इचार कर," आणि फोन बंद केलात.

मग नाना म्हणाले, "ये."

आकडा नसलेला हा त्यांचा पहिला शब्द. बंद फोनकडे बघून ते आणखी दोनदा म्हणाले, "ये. ये." मग माझ्याकडे वळून रागाने बघायला लागले, तुम्ही उत्तर का देत नाही म्हणून.

स्टोअरला फोन करून कुणाकडून तरी हे तुम्हाला लिहून देता आलं असतं. पण ते मला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. मी नानांना सांगितलं, काकांनी ऐकलंय, पिशवी भरायला गेलेत. मग त्यांनी डाव्या हाताने खुणा करून माझ्याकडून खाट दाराकडे वळवून घेतली.

विजू